उरलेलं मागाहून बघू? ओस्लोची वाट आणि सिनाईची वाट

इस्रायल-पॅलेस्टाईनचा प्रश्न बोलणी करूनच सुटेल हे ज्यांना पटलेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पण बोलणी हवीत एवढं म्हणून भागत नाही. बोलण्यांच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही चालून बघितल्या आहेत. एक 1993च्या ओस्लो कराराची: सोपं आधी, अवघड मागाहून. दुसरी 1979च्या इजिप्तबरोबरच्या तहाची: शेवट आधी ठरवायचा आणि मग तिथपर्यंत सावकाश जायचं. मी इस्रायलमधल्या रामल्यात राहतो, आई-वडील अलिबागकडून आलेले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, घरात अजून मराठी. कित्येक वर्षं मी पहिल्या वाटेच्या बाजूने मत दिलं. आता देत नाही.

ओस्लोला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. 1993पर्यंत पीएलओच्या, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या माणसांशी भेटणं हा आमच्याकडे गुन्हा होता. त्या सप्टेंबरात आमचे पंतप्रधान राबिन आणि पीएलओचे प्रमुख अराफात यांनी एकमेकांना मान्यतेची पत्रं दिली, आणि चार दिवसांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर हात मिळवले. पॅलेस्टिनी प्राधिकरण उभं राहिलं, म्हणजे बोलायला समोर कोणीतरी आलं. ज्यांच्यात काडीचा विश्वास नाही त्यांनी लहान गोष्टींपासून सुरुवात करावी, हा विचार कागदावर आजही चुकीचा वाटत नाही. म्हणून जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (व्याप्त जमिनीवरच्या इस्रायली वस्त्या) आणि सीमा हे चार अवघड विषय पुढे ढकलले, आणि पाच वर्षांचा मधला काळ ठरला.

त्या मधल्या काळानेच माझं मत बदललं.

तेव्हा मी इमारतींच्या वायरिंगचं काम करायचो. आमच्या साइटवर फरशी बसवणारा एक कारागीर गाझातून यायचा, माझ्याच वयाचा. पहाटे अडीचला घर सोडून गाझाच्या सीमेवरच्या एरेझच्या फाटकावर रांगेत उभा राहायचा, तेव्हा कुठे सातला कामावर पोचायचा. खिशात 'तस्रीह', म्हणजे कामाचा परवाना. त्याचीही मुदत तात्पुरतीच. करार झाला त्या आठवड्यात त्याने सगळ्यांना बकलावा वाटला. पुढे बसमध्ये बॉम्ब फुटायला लागले. बॉम्ब फुटला की फाटक बंद, की हा दोन-दोन आठवडे गायब. 1996च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर मी स्वतः मुलांना बसने पाठवणं बंद केलं होतं, तेव्हा फाटक बंद करणाऱ्यांची भीती मला समजत होती. पण तो परत आला की जेवणाच्या सुट्टीत एकच विचारायचा: उरलेलं कधी? हिब्रूत आम्ही म्हणायचो 'अखर काख', तो अरबीत म्हणायचा 'बादेन'. माझी आजी म्हणाली असती 'मागाहून बघू'. तीन भाषांत एकच उत्तर, आणि तारीख एकाही भाषेत नाही. 2000च्या शरद ऋतूत दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, सुरू झाला. त्यानंतर तो कामावर आला नाही.

माझ्यापुरता हिशोब तिथे झाला. 'मागाहून' या शब्दाचा फायदा नेहमी करार नको असलेल्यांनाच होतो. 1994च्या फेब्रुवारीत हेब्रोनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या 29 जणांना एका वसाहतवाल्याने मारलं. हमासने बस उडवल्या. 1995च्या नोव्हेंबरात राबिनना आमच्यातल्याच एकाने गोळ्या घातल्या. शेवट ठरलेला नसल्यामुळे तो बदलता येईल अशी आशा या प्रत्येकाला होती. आणि वाट बघण्याच्या काळात जमीन स्वस्थ बसत नाही. ओस्लोच्या वेळी पूर्व जेरुसलेम सोडून पश्चिम किनाऱ्यावर (जॉर्डन नदीच्या, म्हणजे वेस्ट बँकेत) एक लाखाच्या थोडे वर वसाहतवाले होते, आज 5 लाखांहून जास्त आहेत. 1995च्या दुसऱ्या करारात पश्चिम किनाऱ्याचे पाडलेले अ, ब, क हे भागही तात्पुरतेच होते. सुमारे 60 टक्के जमिनीचा 'क' भाग आजही इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे.

आता दुसरी वाट. 1978च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर, आमचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला 13 दिवस बसले आणि त्यांनी एकाच दिवशी दोन मसुद्यांवर सह्या केल्या. इजिप्तच्या मसुद्यात शेवट लिहिलेला होता: 1967च्या युद्धात इस्रायलने घेतलेलं सगळं सिनाई परत, त्याच्या बदल्यात पूर्ण शांतता. पॅलेस्टिनींविषयीच्या मसुद्यात पाच वर्षांची स्वायत्तता होती आणि अंतिम प्रश्न मागाहून. माणसं तीच, टेबल तेच. पहिल्याचा सहा महिन्यांत तह झाला, दुसरा कागदावरच राहिला. पंधरा वर्षांनी ओस्लोत आम्ही नेमका तो न चाललेला नमुनाच पुन्हा उचलला, याची मला आजही हळहळ वाटते.

सिनाईतसुद्धा टप्पे होतेच. सैन्य हटायला 1982चा एप्रिल उजाडला, यामित ही वसाहत रडारड होऊन रिकामी झाली. मधेच सादात यांची हत्या झाली, तरी माघार थांबली नाही, कारण शेवटची रेघ दोघांनाही माहीत होती. ताबा नावाच्या ठिकाणच्या चिमुकल्या किनारपट्टीवरून भांडण उरलं, ते लवादाकडे गेलं, निकाल इजिप्तच्या बाजूने लागला आणि 1989मध्ये ताबा परत गेलं. पुढे मी कुटुंबाला घेऊन त्या सीमेवरून पायी पलीकडे गेलो. पासपोर्टवर शिक्का, बस्स. तहानंतर दोन इंतिफादा झाले, आताचं गाझातलं भयानक युद्ध झालं, तरी तो तह उभा आहे.

मी मुत्सद्दी नाही, आणि माझ्या पसंतीविरुद्ध बोलण्यासारखं बरंच आहे. सिनाई हे बव्हंशी वाळवंट. पश्चिम किनारा दाट वस्तीचा, त्यात जेरुसलेम. इजिप्त आधीपासून राष्ट्र होतं, पॅलेस्टिनींना ते अजून मिळायचं आहे. आणि 2000च्या जुलैत आमचे तेव्हाचे पंतप्रधान एहूद बराक आणि अराफात यांनी कॅम्प डेव्हिडला सगळं एकदम सोडवून बघितलं, ते फसलं. तरी माझं म्हणणं असं, की तोवर सात वर्षं वाट बघून दोन्हीकडची माणसं आंबून गेली होती.

2005मध्ये गाझातून माघार घेतली ती तर बोलणी न करताच. तिची मी तुलनाही करत नाही.

हमासने हल्ला केला त्या 7 ऑक्टोबर 2023च्या सकाळनंतर आणि गाझात हजारो मुलं गेल्यानंतर हे सगळं बोलणं पोकळ वाटू शकतं. मलाही काही महिने वाटलं. पण 2025च्या जानेवारीतली युद्धबंदी आठवा: पहिला टप्पा 42 दिवसांचा, दुसऱ्याच्या अटी मागाहून ठरायच्या होत्या. दुसरा टप्पा आलाच नाही, मार्चमध्ये पुन्हा बॉम्बहल्ले सुरू झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ट्रम्प यांनी जाहीर केलेल्या 20 कलमी योजनेने ऑक्टोबरमध्ये जिवंत ओलीस घरी आले, त्या दिवशी आमच्या गल्लीतली माणसं रस्त्यावर येऊन रडली. त्या योजनेत पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख मात्र कधीतरी परिस्थिती तयार होईल अशाच भाषेत आहे.

तुम्ही अजून ठरवत असाल, तर 2003चा जिनिव्हा मसुदा एकदा वाचा. माजी इस्रायली मंत्री योसी बैलिन आणि माजी पॅलेस्टिनी मंत्री यासर अबेद रब्बो यांच्या पुढाकाराने दोन्हीकडच्या लोकांनी तो केला. सरकारी नाही, पण संपूर्ण: 1967च्या युद्धाआधीची सीमारेषा, जमिनीची समसमान अदलाबदल, जेरुसलेम दोघांची राजधानी, सोबत नकाशा. त्यात माले अदुमिम ही मोठी वसाहत इस्रायलकडे राहते, एरियल ही दुसरी राहत नाही. मला ती रेघ मान्य आहे, माझ्या थोरल्या मुलाला नाही. शब्बातच्या (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणावर आमचं त्यावरून अजून वाजतं. निदान आम्ही रेघ कुठून जावी यावर भांडतो.