पालवणची देवराई, दोनदा जाऊन आलो

रेटिंग पाचपैकी साडेचार. बीडपासून जवळच पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराईवाल्यांनी वनविभागाच्या जमिनीवर झाडं लावलीत, सयाजी शिंदेंचं काम, हे बहुतेकांना माहिती असेलच. पण तिथं जाऊन नुसते फोटो काढून येणारे लई झालेत म्हणून लिहायला बसलो. आमच्याकडं झाडं लावतात सगळेच राव, जगवतं कोण? जूनमध्ये खड्डा, सेल्फी, हार, आणि पुढच्या मार्चात त्याच खड्ड्यात वाळकी काडी. त्यात आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, माळ असा मुरमाड की पहार मारली तर हाताला झिणझिण्या येतात, अशा ठिकाणी झाडाखाली बसून डबा खाल्ला हो आम्ही, सावलीत! आई तर आधी आळ्यात हात घालून माती ओली आहे का बघत बसली, तिला माझ्यावर भरवसा नाही.

2020 च्या फेब्रुवारीत 13 आणि 14 तारखेला इथंच पहिलं वृक्षसंमेलन झालं, अध्यक्ष कोण तर वडाचं झाड. तेव्हा मी लई हसलो होतो. निदान अध्यक्षांनी भाषण तरी लांबवलं नाही.

अर्धा मार्क कापला तो आपल्याच लोकांमुळं, कुणीतरी वाढदिवस करून चिप्सची पाकिटं आणि केकचा डबा तिथंच टाकून गेलेलं. आम्ही एक पिशवी भरून खाली आणली. उन्हाळ्यात जाणार असाल तर दहाच्या आत उतरा आणि पाणी घरूनच न्या.