अंगणातले फटाके की मैदानावरची आतषबाजी?

अंगणात धोका असतो तो न पेटलेल्या भुईनळ्याचा. वात विझली म्हणून त्यावर वाकू नका. आत ठिणगी धुमसत असते. पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग लांबून बादलीभर पाणी ओता. विझलेल्या फुलबाजीची तारही बराच वेळ चटका देते. ती वाळूच्या डब्यात खुपसा. सुती कपडे, पायात चप्पल हवीच.

मैदानावर गोळे वाळूत पक्क्या रोवलेल्या नळ्यांतून उडतात, वात विजेने लांबून पेटते, प्रेक्षक दूर असतात. नळी कलली तर मात्र गोळा थेट गर्दीकडे जातो. म्हणून परवाना आणि जाणकार माणसं लागतातच.

लहान मुलं असतील तर आम्ही मैदानच सुचवू. घरी फुलबाज्या पुरे.