गाडगीळ अहवाल, दोन भाग, स्पायरल बाइंडिंग

अहवाल फुकट, खर्च फक्त छपाईचा. पडद्यावर नकाशे वाचवत नाहीत म्हणून कुडाळला झेरॉक्सवाल्याकडे पाचशेवर पानं छापून घेतली. गठ्ठा बघून पोरगा म्हणाला, "काका, ह्यां कोर्टातलां काय?"

तसं म्हटलं तर होय, कोर्टातूनच सुटून आलेला. पश्चिम घाटाचं पर्यावरण कसं राखायचं ते सांगायला पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचा गट केंद्र सरकारनेच मार्च 2010 मध्ये नेमला. त्यांनी ऑगस्ट 2011 च्या अखेरीस अहवाल दिला, आणि पर्यावरण मंत्रालय त्यावर बसलं. केरळातल्या एकाने माहिती अधिकारात मागितला, तर उत्तर काय, राज्यसंस्थेच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधा येईल! शास्त्रज्ञांनी लिहिलेलं वाचून वैज्ञानिक हिताला बाधा. माहिती आयुक्तांनी द्या म्हणून सांगितलं तरी मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, तेव्हा मे 2012 मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला. सोबत टीप: मंत्रालयाने हा औपचारिकरीत्या स्वीकारलेला नाही, अभ्यास सुरू आहे.

न स्वीकारायचा अधिकार सरकारला आहेच. खाण हवी की नको हे शेवटी निवडून आलेल्यांनी ठरवावं, माझं काही म्हणणं नाही. पण नेमलेल्या माणसांनी काय सांगितलं ते आम्हाला दाखवून मग नाही म्हणा की.

आता माल कसा आहे? रत्नागिरी-सिंधुदुर्गावरची पानं आधी वाचा. लोट्याच्या कारखान्यांचं सांडपाणी, त्यापायी बुडालेली मासेमारी, सगळं आहे. आणि 2007 ते 2009 या काळात रत्नागिरी जिल्ह्यात पाचाहून जास्त माणसांनी जमायला तब्बल 191 दिवस बंदी होती, हेही छापलंय. सरकारने नेमलेल्या गटाने सरकारबद्दल असं लिहावं, यासाठीच मी छपाईचे पैसे मोजले.

खोट दोन ठिकाणी. तालुकेच्या तालुके एका रंगात रंगवलेत. आमच्या वाडीतली काजूची बाग आणि वरचं रान संवेदनशीलतेच्या एकाच श्रेणीत कसं, हे कळायला मार्ग नाही. दुसरं, ग्रामसभांनी चर्चा करून ठरवावं म्हणतात आणि पाचशे पानं इंग्रजीत. कुठली ग्रामसभा वाचणार?

नंतर 2013 मध्ये, हा अहवाल तपासायला सरकारने नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाचा अहवाल आला. गाडगीळांनी अख्खा घाट संवेदनशील मानून तीन श्रेण्या केल्या होत्या, यांनी संवेदनशील क्षेत्र घाटाच्या 37 टक्क्यांवर आणलं. तो मी छापला नाही. त्याचीही अंतिम अधिसूचना निघेना. सहावा मसुदा 31 जुलै 2024 ला आला, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी.

छापणार असाल तर जाड कागद घ्या, पावसाळ्यात पानं ओल धरतात. माझा पहिला भाग सरपंचांनी वाचायला नेलाय. मागायला गेलो की म्हणतात, अभ्यास चालू आहे.