लव्हक्राफ्ट की एम. आर. जेम्स? इंग्रजी भयकथांकडे वळणाऱ्या वाचकासाठी

धारप आणि मतकरी वाचून झाले की मराठी भयकथेच्या वाचकाची पावलं कधीतरी इंग्रजीकडे वळतात. तिथे जुन्यांमधली दोन नावं हमखास पुढे येतात: अमेरिकेतला एच. पी. लव्हक्राफ्ट आणि इंग्लंडचा एम. आर. जेम्स. दोघांनाही जाऊन ऐंशीहून अधिक वर्षं झाली. त्यांच्या बहुतेक कथा प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या ठिकाणी फुकट मिळतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न येत नाही. प्रश्न आहे तो पहिल्या कथेचा. ती चुकली तर वाचक त्या लेखकाला पुन्हा हात लावत नाही. लव्हक्राफ्टचं नाव ऐकून थेट त्याच्या सर्वांत लांब कथेला भिडलेले आणि विसाव्या पानावर थांबलेले दोघे-तिघे माझ्याच ओळखीत आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. सुरुवात जेम्सने करा. याचं कारण आपल्याकडच्या एका शब्दात आहे: राखणदार.

जेम्सची १९२५ सालची ‘अ वॉर्निंग टू द क्युरियस’ ही कथा घ्या. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फार जुन्या काळी तीन मुकुट पुरलेले असतात. ते जमिनीत आहेत तोवर परकी फौज किनाऱ्याला लागणार नाही, अशी समजूत. एक मुकुट कुणीतरी उकरून वितळवलेला, दुसरा समुद्राने गिळलेला, उरला एक. एका कुटुंबाने पिढ्यानपिढ्या त्याची राखण केली, आणि त्या घरातला शेवटचा माणूस क्षयाने निपुत्रिक गेला. पॅक्स्टन नावाचा तरुण तो मुकुट खणून काढतो आणि त्या क्षणापासून कुणीतरी त्याच्या मागे असतं. डोळ्यांच्या कडेला दिसतं, वळून पाहिलं की नाही. घाबरून तो मुकुट परत नेऊन पुरतो. तरीही सुटका होत नाही.

कोकणात आजोळ असलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही. गुप्तधनावर कुणीतरी बसलेलं असतं, गावाच्या वेशीला राखणदार असतो, त्याची राखण, म्हणजे ठरलेला नैवेद्य, वेळच्या वेळी द्यावी लागते, आणि चूक झाली तर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं लागतं, हे आपण आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. जेम्सचं जग याच पायावर उभं आहे. तिथे मर्यादा आहेत, त्या मोडल्या की कोण येणार हे ठरलेलं आहे. फक्त त्याचा राखणदार गाऱ्हाणं ऐकून घेत नाही, आणि ही कथा वाचताना अंगावर येतं ते हेच.

‘कास्टिंग द रून्स’मध्ये तर सरळसरळ करणी आहे. कार्सवेल नावाच्या माणसाचा लेख डनिंग हा अभ्यासक नाकारतो. त्याचा राग धरून कार्सवेल ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात डनिंगच्या कागदांत एक चिठ्ठी सरकवतो. चिठ्ठी ज्याने आपल्या हाताने घेतली तो ठराविक दिवशी मरणार. जीव वाचवायचा असेल तर ती कार्सवेललाच परत द्यायची, आणि त्यानेही ती स्वतःहून हातात घेतली पाहिजे. करणी उलटवण्याचा नियम! याच कथेत डनिंग रात्री अंधारात उशीखाली हात घालतो आणि बोटांना एक तोंड लागतं. दात असलेलं, भोवती केस असलेलं, आणि माणसाचं नसलेलं. जेम्स हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. भीती बोटांच्या टोकाशी आणून सोडायची हे त्याच्याकडून शिकावं.

लव्हक्राफ्टकडे असा कुठलाही हिशोब नाही. त्याच्या विश्वात वेस नाही, राखण नाही, नैवेद्य घेऊन शांत होणारं कुणी नाही. समुद्राच्या तळाशी झोपलेला कथुलू हा त्याचा महाकाय, पुरातन देव माणसांवर रागावलेला नाही, कारण माणसं त्याच्या खिजगणतीतच नाहीत. ही कल्पना एकदा खरोखर मनात उतरली की जेम्सच्या भुतांपेक्षा ती फार दूरवर जाते. पण ती उतरायला वेळ लागतो, आणि लव्हक्राफ्टची भाषा त्या वाटेत आडवी येते. अवर्णनीय, अमानुष, पुरातन, घृणास्पद अशी विशेषणं तो एकावर एक रचत जातो. ज्याचं इंग्रजी वाचन बेताचं आहे त्याला ओळीमागे ओळ शब्दकोश उघडावा लागतो.

जेम्सची अडचण वेगळी. वाक्यं सुटसुटीत, कथा बहुधा एका बैठकीत संपणारी, पण आत लॅटिनचे तुकडे, चर्चच्या इमारतीतल्या भागांची नावं आणि जुन्या पोथ्यांचे तपशील ठासून भरलेले. ते पूर्ण कळले नाहीत तरी चालतं, कथा अडत नाही.

या फरकाची मुळं दोघांच्या आयुष्यात आहेत.

जेम्सचं आयुष्य पटकन सांगून होतं, कारण ते फार सुरळीत गेलं. जन्म १८६२, वडील धर्मोपदेशक. आधी ईटन शाळा, मग केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. पुढे तो त्याच कॉलेजचा प्रमुख झाला आणि १९१८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३६ पर्यंत, ईटनचा प्रमुख. खरं काम मध्ययुगीन हस्तलिखितांच्या सूची करण्याचं. एका हस्तलिखितातल्या नोंदीवरून त्याने बरी सेंट एडमंड्सच्या जुन्या मठाधिपतींच्या कबरी कुठे असतील ते सांगितलं, आणि खणल्यावर त्या तिथे मिळाल्या. म्हणजे जमिनीखालचं जुनं उकरून काढणारा अभ्यासक हा त्याच्या कथांतला घाबरलेला माणूसच नव्हे, तो स्वतःही होता. भयकथा तो मित्रांना वाचून दाखवण्यासाठी लिही. पहिल्या दोन त्याने ऑक्टोबर १८९३ मध्ये केंब्रिजच्या एका मित्रमंडळात वाचल्या. पुढे नाताळच्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात वाचन करण्याची रीतच पडली. उभ्या आयुष्यात कथा तीसेकच, पण त्यांतल्या बऱ्याच मोठ्याने वाचल्या तर आजही खोली गप्प होते.

लव्हक्राफ्टजवळ मात्र थोडं थांबायला हवं. जन्म १८९०, रोड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात. तो तीन वर्षांचा नव्हता तेव्हा वडिलांना वेड लागलं; बटलर हॉस्पिटलमध्ये पाच वर्षं काढून ते तिथेच गेले. आजोबांच्या मोठ्या घरात, त्यांच्या पुस्तकांत तो वाढला. १९०४ मध्ये आजोबा वारले आणि ते घरही सुटलं. शाळा अर्धवट राहिली. १९१९ मध्ये आईला त्याच बटलर हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, आणि दोन वर्षांनी तिचाही शेवट तिथेच झाला.

१९२४ मध्ये त्याने सोनिया ग्रीनशी लग्न केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी प्रॉव्हिडन्सच्या स्टेशनवर त्याच्याकडून एक टंकलिखित हरवलं. प्रसिद्ध जादूगार हुडिनीच्या नावावर ‘वीअर्ड टेल्स’ मासिकासाठी लिहिलेली ती कथा होती, आणि नवरा-बायकोने मधुचंद्राचे दिवस ती पुन्हा टाइप करण्यात घालवले. न्यूयॉर्कमध्ये नोकरी मिळेना. सोनिया कामासाठी दुसऱ्या शहरात गेली, तो ब्रुकलिनच्या एका खोलीत एकटा राहिला, आणि एके दिवशी चोरांनी त्याचे कपडेसुद्धा नेले. एप्रिल १९२६ मध्ये तो प्रॉव्हिडन्सला परतला तो कायमचा. आणि मग काय लिहिलं त्याने! त्याच उन्हाळ्यात ‘द कॉल ऑफ कथुलू’, पुढच्या मार्चमध्ये ‘द कलर आउट ऑफ स्पेस’. त्याला स्वतःला आपली सर्वांत चांगली वाटणारी ही दुसरी कथा. तिचे २५ डॉलर मिळवण्यासाठी मासिकाकडे तगादा लावावा लागला. हयातीत त्याचं एकच पुस्तक निघालं, १९३६ मध्ये, छपाईच्या चुकांनी भरलेलं, जेमतेम दोनशे प्रतींचं. पुढच्या मार्चमध्ये आतड्याच्या कर्करोगाने तो गेला. मित्रांनी १९३९ मध्ये केवळ त्याच्या कथा छापण्यासाठी अर्कहॅम हाउस ही प्रकाशनसंस्था काढली नसती, तर आज त्याचं नाव कुणाला ठाऊक असतं असं मला वाटत नाही. हे वाचलं की त्याच्या विश्वात गाऱ्हाणं ऐकणारं कुणी का नाही, याचा मला उलगडा होतो.

दोघांमधलं अंतर एका प्रसंगात नेमकं दिसतं. लव्हक्राफ्टने १९२७ मध्ये भयसाहित्यावर मोठा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात जेम्सला आधुनिक काळातल्या चार श्रेष्ठ लेखकांत बसवलं. तो निबंध जेम्सच्या हाती पडला तेव्हा त्याने एका पत्रात लिहिलं की या माणसाची शैली फारच खटकणारी आहे आणि ‘कॉस्मिक’ हा शब्द त्याने चोवीसेक वेळा वापरला आहे. मला लव्हक्राफ्टसाठी वाईट वाटतं, तरी जेम्सच्या कानाला जे खुपलं तेच आजच्या वाचकालाही खुपतं.

आणखी एक गोष्ट वाचायला घेण्याआधी माहीत असलेली बरी. लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा होता. तो द्वेष फक्त पत्रांत राहिलेला नाही, कथांतही उतरला आहे. १९२५ मध्ये लिहिलेली ‘द हॉरर ॲट रेड हुक’ ब्रुकलिनच्या स्थलांतरितांबद्दलच्या किळसेवर उभी आहे, आणि हे लिहिणाऱ्याची पत्नी स्वतः युक्रेनमधून आलेली ज्यू स्त्री होती. वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं त्याच्या चेहऱ्याचं स्मृतिचिन्ह याच कारणाने २०१५ नंतर बंद झालं. सावळ्या वर्णाची वाचक म्हणून त्या ओळी वाचताना मला त्रास होतो. मी त्याला वाचणं सोडलेलं नाही, पण ‘रेड हुक’ कुणाला सुचवतही नाही. जेम्समध्ये असा विखार मला जाणवला नाही. मात्र त्याचं जग अगदी बंदिस्त आहे. सुखवस्तू, अविवाहित, विद्वान पुरुष आणि त्यांच्या मदतीला नोकरचाकर. ठसठशीत स्त्री-व्यक्तिरेखा दोघांकडेही शोधाव्या लागतात.

तर वाचायचं कसं?

रात्री घरच्यांना किंवा मित्रांना मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर जेम्सशिवाय दुसरा विचार नको. ‘कास्टिंग द रून्स’ पहिली, तिच्यानंतर ‘ओ, व्हिसल’. तिच्यात भुतांवर विश्वास नसलेल्या प्राध्यापकाला समुद्रकाठच्या अवशेषांत एक शिट्टी सापडते आणि त्याच्या खोलीतल्या रिकाम्या पलंगावरची चादर उठून बसते. ‘अ वॉर्निंग टू द क्युरियस’ तिसरी ठेवा.

विज्ञानकथांची आवड असेल, खगोलशास्त्र किंवा पृथ्वीचा लाखो वर्षांचा इतिहास मनाला खेचत असेल, तर माझा क्रम मोडून थेट लव्हक्राफ्टकडे गेलात तरी चालेल. फक्त अंटार्क्टिकावरची ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ आधी घेऊ नका. ‘वीअर्ड टेल्स’च्या संपादकाने ती नाकारली होती, आणि तिची लांबी पाहता त्याचं मन कळतं, जरी पुढे वाचणाऱ्याला तिथे विलक्षण काही सापडतं. ‘कथुलू’सुद्धा दुसरी किंवा तिसरी असू द्या. एका मृत प्राध्यापकाचे कागद, वर्तमानपत्रांतली कात्रणं, एका खलाशाची वही असे तुकडे जोडत ती जाते, आणि तुकडे जोडायला वाचक त्याच्या लयीत आलेला असावा लागतो.

लव्हक्राफ्टची पहिली कथा ‘द कलर आउट ऑफ स्पेस’च हवी. तिच्यात विशेषणांचा मारा कमी आहे आणि माणसं शेतकरी आहेत. नेहम गार्डनरच्या शेतात विहिरीजवळ उल्का पडते. त्या वर्षी फळं कधी नव्हेत एवढी मोठी धरतात, पण तोंडात घातली की कडू. मग झाडं रात्री मंद उजळू लागतात, गुरं झिजतात, बायकोला वेड लागतं आणि तिला माळ्यावर कोंडावं लागतं. या घराने कुणाचं काही घेतलेलं नसतं, कुठली मर्यादा मोडलेली नसते. जेम्स वाचून आलेला वाचक चूक शोधत राहतो आणि ती सापडत नाही.

ही सारी हकिगत सांगणारा माणूस धरणाच्या मोजणीसाठी तिथे आलेला असतो. ते शेत, ती विहीर, सगळं लवकरच पाण्याखाली जाणार आणि ते पाणी शहराच्या नळांना येणार. तो एवढंच सांगतो की त्या शहराचं पाणी आपण कधी पिणार नाही.