नागपुरात बसून बॉक्सिंगचं पे-पर-व्ह्यू: बेल्ट किती ते सोडा, समोर कोण उभा आहे ते बघा

व्यावसायिक बॉक्सिंग घरी बघायचं तर सध्या मुख्य रस्ते दोन. एक डॅझोनचं ॲप: वर्गणी भरायची आणि मोठ्या लढतीला वरून पे-पर-व्ह्यूचे वेगळे पैसे मोजायचे. दुसरा नेटफ्लिक्स: तिथे वर्षभरात मोजक्याच लढती येतात, पण असलेल्या वर्गणीतच दिसतात. चित्र, आवाज, ॲपची चाल याबाबत दोन्हीकडे फारशी तक्रार करण्यासारखं नाही. पैसे वाया जातात ते वेगळ्याच कारणाने. पोस्टरवर चार बेल्ट, म्हणजे चार संस्थांची विजेतेपदं, आणि 'अनडिस्प्युटेड' (चारही बेल्ट असलेला निर्विवाद जगज्जेता) हा शब्द दिसला की लोक बटण दाबतात.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे ४ मे २०२५ची कनेलो अल्वारेझ विरुद्ध विल्यम स्कल ही लढत. लढत रियाधमध्ये होती, पण वेळ अमेरिकन प्रेक्षकांसाठी जुळवलेली, त्यामुळे आपल्याकडे रविवार सकाळ. कागदावर हे सुपर मिडलवेट या वजनगटाच्या चारही बेल्टचं एकत्रीकरण. प्रत्यक्षात दोघांनी मिळून १२ फेऱ्यांत ४४५ ठोसे टाकले आणि कनेलोच्या वाट्याचे त्यातले फक्त १५२. कॉम्प्युबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या कंपनीने नोंदवलेल्या १२ फेऱ्यांच्या लढतींमधला हा नीचांक. स्कल पूर्ण वेळ रिंगच्या कडेने फिरत राहिला, कनेलो त्याच्या मागे चालत राहिला. डॅझोनवर ही लढत पे-पर-व्ह्यू होती.

आता स्कलकडे बेल्ट आला कुठून? तो आयबीएफ या संस्थेचा अनिवार्य आव्हानवीर होता, म्हणजे विजेत्याने ज्याच्याशी लढलंच पाहिजे असा. कनेलोने त्याच्याशी लढायचं टाळलं म्हणून आयबीएफने २०२४मध्ये बेल्ट काढून घेतला, मग रिकाम्या जागेसाठीची लढत स्कलने जिंकली आणि तो 'जगज्जेता' झाला. म्हणजे कनेलो स्वतःच्याच हातून गेलेला बेल्ट परत आणायला निघाला होता. त्याच काळात वर्षानुवर्षं त्याच्या दारात उभा असलेला त्याच गटातला डेव्हिड बेनाविडेझ कंटाळून वरच्या लाइट हेवीवेट गटात निघून गेला. ती लढत झाली असती तर कोणीही डोळे मिटून पैसे दिले असते.

मोठ्या संस्था चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचं मानांकन वेगळं, अनिवार्य आव्हानवीर वेगळा, आणि लढतीच्या मानधनातून कापायची फीही वेगळी, साधारण ३ टक्क्यांच्या घरात. चारही बेल्ट असलेल्या खेळाडूच्या मागे चार संस्थांचे आव्हानवीर पाळीपाळीने लागतात. वर्षाला दोनच लढती करणाऱ्याला हे जमणं अवघड, त्यामुळे चार बेल्ट एकत्र फार काळ टिकतच नाहीत. टेरेन्स क्रॉफर्डने ऑगस्ट २०१७मध्ये ज्युलियस इंडोंगोला हरवून चारही मिळवले आणि पंधरवड्याच्या आत आयबीएफचा सोडला. ऑलेक्झांडर उसिकने मे २०२४मध्ये टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही मिळवले, पण फ्युरीशीच परतीच्या लढतीचा करार आधीच झालेला असल्याने आयबीएफच्या आव्हानवीराशी लढणं शक्य नव्हतं, म्हणून पुढच्याच महिन्यात आयबीएफचा बेल्ट त्याला सोडावा लागला. यात दोघांचंही शौर्य कमी होत नाही. मात्र बेल्टची संख्या हा लढतीच्या दर्जाचा पुरावा नाही, हे यातून दिसतं. त्यात डब्ल्यूबीए एकाच वजनगटात 'सुपर' (मुख्य), 'रेग्युलर' (दुय्यम) आणि 'इंटरिम' (हंगामी) असे बेल्ट वाटते. पोस्टरवर तिन्हींच्या खाली 'वर्ल्ड टायटल' एवढंच छापलेलं असतं.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे पचायला जड जातं, कारण आपली सवय हौशी बॉक्सिंगची. नागपूरची अल्फिया पठाण २०२१मध्ये पोलंडला युवा जागतिक विजेती झाली, तेव्हा समोर कोण येणार हे ड्रॉने ठरवलं होतं. तिथे टाळाटाळीला जागाच नसते. व्यावसायिक खेळात विजेताच प्रतिस्पर्धी निवडतो, प्रवर्तक आणि वाहिनी मान डोलावतात. हेवीवेट विजेत्या रिडिक बोवने तर डिसेंबर १९९२मध्ये लंडनमध्ये डब्ल्यूबीसीचा बेल्ट कॅमेऱ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला, पण आव्हानवीर लेनॉक्स लुईसशी लढला नाही.

तरी 'अनिवार्य' म्हणजे टुकार असंही समजू नका. आयबीएफच्या पाळीमुळेच डॅनियल डुबुआकडे उसिकचा बेल्ट आयता आला, तेव्हा सगळे हसले होते. त्याने सप्टेंबर २०२४मध्ये वेम्बलीत अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं आणि हसू थांबलं. म्हणून १९ जुलै २०२५ची उसिक-डुबुआ लढत एकाच वेळी बेल्टची आणि खऱ्या आव्हानवीराची झाली. उसिकने ती पाचव्या फेरीत संपवली, पैसे वसूल. जपानचा सुपर बॅन्टमवेट विजेता नाओया इनोउए याच्यासमोर मुरोदजोन अख्मादालिएव्ह हा डब्ल्यूबीएचा अनिवार्य आव्हानवीर होता आणि त्या वजनगटातला सगळ्यात धोकादायक प्रतिस्पर्धीही. सप्टेंबर २०२५मध्ये नागोयात इनोउए, एरवी मारायला धावणारा, १२ फेऱ्या पाय हलवत, अंतर राखत, मोजूनमापून खेळला. नॉकआउट झाला नाही, पण विजेतेपद राखणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर ही लढत आधी बघा.

वजनगट बदलून नव्या बेल्टमागे जाणंही चालतं, अट एकच: तिथल्या सर्वोत्तमाला गाठायचं. १३ सप्टेंबर २०२५ला लास व्हेगासमध्ये क्रॉफर्डने दोन वजनगट वर जाऊन थेट कनेलोला हरवलं. नेटफ्लिक्सवर होती, वेगळा एक रुपयाही लागला नाही. नेटफ्लिक्सच्या वर्गणीतली बॉक्सिंगची बाजू आमच्या मते या एका लढतीवर उभी आहे. यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलच्या लढती त्यात धरत नाही.

पैसे भरण्याआधी पाच मिनिटांची तपासणी पुरते. आधी बेल्टचं पूर्ण नाव बघा. 'इंटरिम' किंवा 'रेग्युलर' असेल तर पुढे बघायची फारशी गरज नाही. मग आव्हानवीराचं नाव 'द रिंग' मासिकाच्या किंवा ट्रान्सनॅशनल बॉक्सिंग रँकिंग्ज बोर्ड या स्वतंत्र मंडळाच्या यादीत पहिल्या पाचांत आहे का ते शोधा. संस्थांच्या स्वतःच्या यादीवर जाऊ नका: ज्याच्याकडे दुसऱ्या संस्थेचा बेल्ट आहे त्याला त्या यादीतून वगळतात, त्यामुळे सहाव्या-सातव्या दर्जाचा माणूस पहिल्या क्रमांकावर दिसतो. शेवटी बॉक्सरेक या लढतींच्या नोंदींच्या संकेतस्थळावर त्याच्या मागच्या तीन लढती उघडा. त्यात पहिल्या दहातला एकही नसेल, तर ती लढत दुसऱ्या दिवशी हायलाइट्समध्ये बघितली तरी चालते. त्या कार्यक्रमात मुख्य लढतीआधी होणाऱ्या लढती चांगल्या असतील तर थोडी सूट द्यायला हरकत नाही, कारण मुख्य लढत फसली तरी तीन-चार तास वाया जात नाहीत.

वेळेचं गणित नागपूरकरांसाठी असं. लास व्हेगासची मुख्य लढत रविवारी सकाळी साडेआठ-नवाच्या पुढे, हिवाळ्यात तासभर उशिरा. तर्री पोहे आणून ठेवायला भरपूर वेळ मिळतो. लंडनची पहाटे अडीचच्या आसपास, हिवाळ्यात साडेतीन. रियाधची बहुतेकदा पहाटे तीननंतर. जपानमधली संध्याकाळी साडेपाचला, सगळ्यात सोयीची, पण तिचे हक्क वेगळे विकले जातात, म्हणून ती भारतात कुठल्या ॲपवर आहे हे आठवडाभर आधी पक्कं करा.

तासाला अंदाजे ३ जीबी डेटा धरा. पाच तासांचा कार्यक्रम मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत बसत नाही. ब्रॉडबँडच हवं आणि टीव्हीपर्यंत ८ एमबीपीएस तरी पोहोचायला हवं. दोन खोल्यांपलीकडून वायफाय पकडण्यापेक्षा राउटरपासून टीव्हीला लॅनची वायर जोडली की अडखळणं बरंच कमी होतं. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर असतो, पण फायबरचा छोटा डबा साध्या प्लगवर राहून जातो. दोन्ही एकाच लाइनवर घ्या. नेटफ्लिक्सचा सर्वात स्वस्त मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, हेही आधीच लक्षात घ्या. ऑनलाइन प्रक्षेपण प्रत्यक्षापेक्षा अर्धा-एक मिनिट मागे असतं, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर निकाल येऊन पडतो, म्हणून फोन दुसऱ्या खोलीत.

डॅझोनची वर्षभराची वर्गणी दर शनिवार-रविवार बॉक्सिंग बघणाऱ्यालाच परवडते. वर्षाला चार-पाच मोठ्या लढती बघणाऱ्याने महिन्यापुरती घ्यावी आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करावं. पे-पर-व्ह्यूची किंमत लढतीगणिक बदलते, ती ॲपमध्येच तपासावी. धरमपेठ-सदरमधल्या कॅफेवाल्यांनी घरगुती वर्गणीवर गिऱ्हाइकांना लढत दाखवू नये, त्यासाठी व्यावसायिक परवाना वेगळा लागतो. मित्रांनी मिळून घरी बघायचं असेल तर खर्च वाटून घ्या, पण ज्याच्या नावावर खातं आहे त्याने आदल्या रात्री टीव्हीवर लॉगिन करून एखादी जुनी लढत चालवून बघावी. ऐन लढतीच्या वेळी पासवर्ड आणि ओटीपी शोधत बसण्यात पहिली फेरी जाते, आणि इनोउएसारख्याच्या लढतीत कधीकधी पहिल्या फेरीतच सगळं घडतं. मे २०२४मध्ये टोकियो डोममध्ये लुइस नेरीने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं होतं.