स्लॅब पाठवताना: बबलचं पाकीट की खोका?

सोलापुरातून पुण्या-मुंबईला किंवा थेट गुवाहाटीला ग्रेडेड कार्ड (म्हणजे कंपनीने तपासून, दर्जा ठरवून कडक प्लास्टिकच्या चपट्या कव्हरमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये, सीलबंद केलेलं संग्रहाचं कार्ड) पाठवायचं असलं की पहिला प्रश्न हाच: बबलचं पाकीट पुरेल की खोका करायचा? मी दोन्ही वापरतो, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

कार्ड स्लॅबमध्ये आहे म्हणजे काळजी मिटली, असं अनेकांना वाटतं. पीएसए या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीचा स्लॅब साधारण साडेतेरा सेंटिमीटर लांब, आठ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाड. त्यामुळे आतलं कार्ड दुमडत नाही हे खरं, पण कडक प्लास्टिक कोपऱ्यावर आपटलं की टवका उडतो किंवा कडेला पांढुरकी भेग पडते. मग आत 10 ग्रेडचं, म्हणजे सर्वोच्च दर्जाचं, कार्ड असलं तरी घेणारा भाव पाडतोच. नवीन स्लॅबमध्ये घालून घ्यायचं तर पुन्हा परदेशी पाठवणं, फी आणि कस्टम हे सगळं आलं.

पाकीट स्वस्त असतं आणि दोन मिनिटांत होतं. पण त्याच्या आतला बबलचा थर पातळ असतो. पोत्यात वरून दहा किलोचं पार्सल पडलं की तो दाब सरळ स्लॅबवर येतो. माझा एक स्लॅब असाच पाकिटातून नागपूरला गेला. कार्डाला काही झालं नाही, पण खालचा उजवा कोपरा तुटून पाकिटातच खुळखुळत होता. कुरिअरवाल्यांनी पॅकिंगकडे बोट दाखवलं आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं. तेव्हापासून पाकीट फक्त दोन-तीनशे रुपयांच्या कार्डासाठी, तेही दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावूनच.

खोका महाग पडतो असं म्हणतात. मोठा घेतला तर पडतोच. बहुतेक खासगी कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला 5000 ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्यावर भाडं लावतात. 30×20×15 चा खोका त्या हिशोबात 1.8 किलोचा होतो, आत एकच स्लॅब असला तरी. 18×13×5 चा मात्र पाव किलोच्या आत राहतो आणि बहुतेक वेळा पाकिटाच्याच टप्प्यात बसतो. म्हणजे फरक उरतो तो खोक्याच्या किमतीचा. चाटी गल्लीत कापडाच्या दुकानांबाहेर चांगले कोरे पुठ्ठे पडलेले असतात. मागितले तर देतात, आणि घरी कापून असा खोका बनतो.

आता आतलं. स्लॅबला आधी पातळ प्लास्टिकची स्लीव्ह, नाहीतर पुठ्ठा घासून काचेसारख्या पृष्ठभागावर चरे पडतात. मग स्लॅबपेक्षा चारी बाजूंनी एक सेंटिमीटर मोठे पुठ्ठ्याचे दोन तुकडे. एकाच्या आतल्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या ठेवा, म्हणजे कुठल्याच दिशेने सहज वाकत नाहीत. ते मास्किंग टेपने बांधा. ब्राऊन टेप आत कुठेही नको: मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तिचा गोंद मऊ होऊन कडेने बाहेर येतो, आणि स्लॅबला लागला तर निघता निघत नाही. टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला ब्लेड चालवावं लागणार नाही. वरून बबल रॅपचे दोन वेढे आणि उरलेल्या जागेत चुरगाळलेली रद्दी. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या जोडीवर एक प्लास्टिकची पिशवी वाढवा.

बंद करण्याआधी खोका कानाशी धरून हलवा. जरा जरी खुळखुळ ऐकू आली तर उघडून आणखी रद्दी भरा.

बेकेट या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीचे स्लॅब जास्त जाड असतात, त्यांना उंची थोडी वाढवून घ्या. तीन-चार स्लॅब एकत्र असतील तर पाकिटाचा विचारच नको. प्रत्येकाच्या मध्ये पुठ्ठा घाला, नाहीतर ते एकमेकांनाच चरे पाडतात. किमती कार्डाचा विमा काढा, आणि सील करताना स्लॅबवरचं लेबल व सर्टिफिकेट नंबर दिसेल असा व्हिडिओ घेऊन ठेवा.