फाउलर भाड्याने घ्या, एअर बेड मात्र विकत

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी दोन वस्तू आणल्या जातात: हँडलने डोकं-गुडघे उचलता येणारा फाउलर पलंग आणि गादीवर अंथरायची फुग्यांची गादी, म्हणजे एअर बेड. नाशिकमध्ये सर्जिकलच्या दुकानात ‘वॉटर बेड’ मागितला की बहुतेकदा समोर येतो तो एअर बेड. हा नावाचा घोळ आधी मिटवलेला बरा. वॉटर बेडमध्ये खरोखर पाणी भरतात. भरला की तो जागचा हलत नाही, डिसेंबर-जानेवारीत अंग गारठवतो. एअर बेडला मोटर असते. ती फुग्यांचे दोन संच आळीपाळीने भरते आणि सोडते, एक फेरी साधारण दहा-बारा मिनिटांची, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. ज्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्यासाठी घ्यायचा तो हाच.

‘निम्मेच फुगे फुगलेत, बेड खराब निघाला’ ही दुकानदारांकडे येणारी नेहमीची तक्रार. तो बिघाड नव्हे, बेडचं कामच ते. पाच-सहा मिनिटं थांबलं की उरलेले फुगे वर येतात. खरा बिघाड ओळखायचा तो असा: मोटर गुणगुणतेय पण नळीच्या तोंडाशी हवा लागत नाही, म्हणजे आतला रबरी पडदा फाटला. एकच बाजू कायम बसलेली असेल तर आधी नळी पाहावी. गादी आणि पलंगाच्या पट्टीमध्ये ती हमखास दाबली जाते. पंक्चर साबणाच्या पाण्याने सापडतं. सेफ्टी पिन, बांगडी, नखं हे त्याचे नेहमीचे गुन्हेगार.

लावण्याची पद्धत अशी. खाली साधी गादी, वर एअर बेड, नळ्या पायाकडे. पहिली वीस-तीस मिनिटं दाबाचं बटण पूर्ण कडकवर, मग रुग्णाच्या वजनाप्रमाणे कमी. दाब बरोबर आहे का, हे बटणावरच्या खुणा सांगत नाहीत, हात सांगतो. रुग्ण उताणा असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, एअर बेड आणि गादीच्या मध्ये, तळहात वर करून सरकवावा. हात आणि रुग्ण यांच्यात साधारण इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला टेकत असेल तर त्या बेडचा उपयोग शून्य. वर एकच सुती चादर, तीही ढिली. मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर घडी घातलेली चादर असे थर चढवले की फुग्यांचं काम त्या थरांतच जिरतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर मेणकापडावर पाठ घामाने भिजून सोलवटते.

वीज जाते, तेव्हा काय? मोटर अगदी थोडी वीज खाते, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालते. इन्व्हर्टर नसेल तर दोन्ही नळ्या मोटरमधून काढून दुमडाव्यात आणि रबरबँडने घट्ट बांधाव्यात, म्हणजे हवा काही वेळ टिकते. तेवढ्या वेळात कूस मात्र जास्त वेळा बदलायची.

आता या वस्तूचा खरा दोष, आणि तो वस्तूचा कमी, आपल्या समजुतीचा जास्त. एअर बेड आणला की घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि दर दोन तासांनी कूस बदलणं बंद पडतं. बेड कूस बदलणं वाचवण्यासाठी नाहीच. डावी कूस, पाठ, उजवी कूस असा वेळेचा कागद भिंतीवर लावावा. दिवसपाळीच्या मावशींनी तो रात्रपाळीच्या मावशींना दाखवूनच निघावं. नर्सने त्वचा पाहून सांगितलं तरच रात्रीचं अंतर वाढवायचं. कुशीवर पूर्ण आडवं नको, पाठीमागे उशी लावून थोडंच कलतं, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर येत नाही. टाचा एअर बेडवरही वाचत नाहीत: पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. सावळ्या अंगावर लाली दिसेलच असं नाही. जागा काळपट, गरम किंवा टणक लागली तर तीच बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजावी. तिथे चोळायचं नाही. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, कारण कडेने रक्तपुरवठा आवळला जातो.

जो माणूस उठून बसतो, चालतो, त्याला एअर बेड देऊ नये. कडेला बसताना फुगा दबतो आणि माणूस घसरतो.

फाउलर बेडचा फायदा रुग्णाइतकाच करणाऱ्याला. घरचा दिवाण बुटका, त्यावर दिवसातून बारा वेळा वाकून मावशींचीच कंबर जाते. फाउलरची उंची बरी असते आणि दोन हँडल असतात, एक डोक्याकडचं, एक गुडघ्याचं. आधी गुडघा उचलायचा, मग डोकं. उलट केलं की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी चादरीला घासून तिथेच जखम धरते. नाकातून नळी असेल तर भरवताना आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास डोकं 30 ते 45 अंश उंच लागतंच. एरवी 30 च्या आत ठेवावं. काम झालं की हँडल आत दुमडावं, नाहीतर रात्री नडगी फुटते. माणसाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये; खांद्यापासून खुब्यापर्यंत आडवी चादर घालून दोघांनी ती धरून उचलावं.

जुन्या नाशकातल्या वाड्याचा लाकडी जिना किंवा सिडकोतल्या घराचं अरुंद वळण यावर फाउलर अडकतो. मागवण्याआधी जिन्याचं वळण टेपने मोजून दुकानदाराला सांगावं. डोक्याकडची आणि पायाकडची पाटी सुटते, मधला सांगाडा सुटेलच असं नाही. पंचवटीत राहणाऱ्यांनी सिंहस्थातल्या पर्वणीच्या दिवसांवर डिलिव्हरी ठेवू नये, त्या गर्दीत टेम्पो आत येणं कठीण.

भाडं की विकत? फाउलर भाड्यानेच, कारण नंतर तो ठेवायला जागा नसते. एअर बेड मात्र नवा: दुसऱ्याच्या आजारपणातून आलेल्या गादीचा वास जात नाही आणि शिवणीत काय अडकलंय ते दिसत नाही. साधा बबल, म्हणजे सुट्या फुग्यांचा, प्रकार तुलनेने स्वस्त मिळतो. वजन जास्त असेल किंवा जखम आधीच असेल तर आडव्या नळ्यांचा, जास्त उंचीचा प्रकार पाहावा.

फाउलर घरात आला की टेम्पोवाला जाण्याआधी दोन्ही हँडल पूर्ण फिरवून पाहावीत, चाकांचे ब्रेक लावून बेड ढकलून पाहावा आणि सगळ्याचे फोटो काढावेत. पावतीवर डिपॉझिट लिहून घ्यावंच. बेड महिन्याच्या मध्ये परत केला तर भाडं दिवसांप्रमाणे की पूर्ण महिन्याचं, हेही तेव्हाच विचारून लिहून घ्यावं. तो परत करायची वेळ येते तेव्हा घरात कुणी घासाघीस करायच्या मनःस्थितीत नसतं.